आदेलाबाईंचा भुईकाटा

लुद्विकाची उभी हयात वॉर्साच्या ट्रॅममध्ये तिकिटं तपासण्यात गेली. फुकट्या प्रवाशाला ती नुसत्या मानेवरून ओळखते असं तिच्याबरोबरचे लोक सांगायचे, आणि तीही ते कधी खोडून काढायची नाही. अशा बाईच्या टोपीतून गेल्या वर्षी, चारचौघांत, एक भलंमोठं सफरचंद निघालं. तेव्हा तिचं काय झालं असेल याची तुम्ही कल्पनाच करा. मला करावी लागली नाही. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. वर्षभर ऐकत होते.

झालं होतं असं. नदीपलीकडच्या आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांचा एक क्लब आहे. दर ऑक्टोबरात क्लबाची बस वार्का गावाकडे निघते. सकाळी बागेत हिंडून सफरचंदं तोडायची, दुपारी बागेला लागूनच असलेल्या बेकरीत शार्लोत्का खायची, म्हणजे सफरचंदाचा जाड थर दिलेला तो खुसखुशीत केक, आणि अंधार पडायच्या आत घरी. त्या भागात बागा पैशाला पासरी आहेत. बाकीचे बागवाले म्हणतात, आत हवं तेवढं खा, न्याल तेवढ्याचेच पैसे द्या. पण आम्ही जातो ती बाग आदेलाबाईंची. त्यांचा नियम निराळा. बागेतून जे बाहेर जाईल त्याचे पैसे, मग ते टोपलीतून जावो नाहीतर पोटातून.

आणि हे कळणार कसं? तर फाटकाशीच जमिनीत एक जुना भुईकाटा बसवलेला आहे. आदेलाबाईंच्या वडिलांच्या काळात त्याच्यावर सफरचंदांनी भरलेली ट्रॉली तोलायचे. आता तिथे पाहुणे तोलतात. सगळ्यांनी एकदम लाकडी फळीवर उभं राहायचं, बाजूच्या मोठ्या तबकडीवर सुई सरकते, जिथे थांबेल तिथे काचेवर आदेलाबाई खडूने रेघ मारतात. बाहेर पडताना पुन्हा तसंच. टोपल्या बाजूला ठेवायच्या, त्या वेगळ्या तोलल्या जातात, फळीवर फक्त माणसं. सुई रेघेच्या पुढे गेली की समजायचं, कुणाच्या तरी अंगावर किंवा अंगात माल आहे.

गेल्या वर्षी सुई रेघ ओलांडून चांगलीच पुढे गेली होती. आदेलाबाईंनी कुणाचे खिसे तपासले नाहीत. त्या सरळ लुद्विकासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, टोपी जरा उंच वाटतेय. बघू?"

सफरचंद गेलं ते गेलं. पण 'आजी' हा शब्द लुद्विकाच्या काळजात रुतून बसला. आदेलाबाई स्वतः काही विशीतल्या नाहीत, पन्नाशी कधीच उलटलेली आहे.

यंदा ऑगस्ट लागताच लुद्विका माझ्याकडे आली. येताना हातात रबरी पिशवी. दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायची, गरम पाणी भरायची, तीच.

"तेक्ले, हिला पट्टे शिवून देशील?"

मी जन्मभर नाटक कंपनीत कपडे शिवले. जाड्या नटाला बारीक आणि बारीक नटीला गरोदर दाखवणं हा माझा हातखंडा. मी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "कुठे बांधायचीय?"

"पोटावर. कोटाच्या आत."

"थंडी वाजते का गं?"

"गार पाणी भरणार आहे," लुद्विका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी तिच्या नवऱ्याच्या हयातीतही पाहिली नव्हती. "आत जाताना पाणी. आत गेल्यावर झाडाच्या मुळाशी ओतायचं. कुठे काही मागे उरायला नको, पुरावा नको. आणि जेवढं पाणी ओतलं तेवढी सफरचंदं कोटात. सुई रेघेवर. बाई रेघ बघत बसेल आणि मी तिच्या नाकासमोरून चालत जाईन."

"एका पिशवीत किती सफरचंदं बसायची? बाजारात त्याहून स्वस्त..."

"बाजाराचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. "बाजारात मला कुणी आजी म्हटलेलं नाही."

मी पट्टे शिवले. एक नाही, क्लबातल्या झाडून सगळ्यांना शिवले, कारण एकदा बातमी फुटल्यावर कुणीच मागे राहायला तयार नव्हतं. कोटांच्या अस्तराला आतून खोल खिसेही लावले. आमचे अध्यक्ष झेनोनराव तेवढे कुरकुरले. ते भूगोलाचे मास्तर होते. देह अवाढव्य, आवाज त्याहून, पण स्वभाव पापभीरू. "हे काही बरोबर नाही," ते म्हणाले. "आपण सभ्य माणसं आहोत."

त्यांची बायको कोर्नेलिया शेजारीच बसली होती. "सभ्य माणसं लपूनछपून जॅमच्या बाटल्या चाटत नाहीत," ती म्हणाली. डॉक्टरांनी झेनोनरावांची साखर बंद केली होती आणि कोर्नेलियाने ती बंदी सीमेवरच्या शिपायासारखी सांभाळली होती. झेनोनरावांनी कमरेचं माप दिलं. त्यांच्यासाठी मला दोन पट्टे जोडावे लागले.

निघालो त्या दिवशी आमच्याकडे ज्याला म्हातारबायांचा उन्हाळा म्हणतात तो ऐन भरात होता. हवेत कोळ्यांचे चंदेरी धागे तरंगत होते, ऊन कोवळं पण चांगलंच उबदार, आणि आम्ही वीसेक जण थंडीचे कोट गळ्यापर्यंत बंद करून बसमध्ये घामाघूम. ड्रायव्हर काझिक आरशातून पाहत होता.

"काय मंडळी, सैबेरियाला जायचंय का?"

"तू रस्त्याकडे बघ," लुद्विका म्हणाली.

खड्डा आला की सगळी बस गुडगुडायची. तीन-चार खड्ड्यांनंतर काझिकने आवाज ऐकून बस बाजूला घेतली, खाली उतरून इंजिन तपासलं आणि डोकं खाजवत परत वर आला. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो.

वाटेत लुद्विकाने उभं राहून शेवटच्या सूचना दिल्या. "बागेत कुणीही एक घासही खायचा नाही. पोटातलं सफरचंद आणि खिशातलं सफरचंद, काट्याला दोन्ही सारखीच. पिशवी पूर्ण रिकामी करायची, मगच कोट भरायचा. पिशवीला दहाबारा, जास्त नाही. हावरटपणा केला तर सगळे बुडू. आणि उघडपणे न्यायला एक टोपली भरायची, तिचे पैसे मान खाली घालून द्यायचे. काहीच घेतलं नाही तर संशय येतो. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ज्याच्याकडे सगळं अगदी बरोबर असायचं त्याला मी आधी उतरवायची."

झेनोनरावांनी वर्गात करावा तसा हात वर केला. "एकही नाही खायचं? एवढ्या बागेत?"

"तुम्हाला तर तसंही नाही खायचं," कोर्नेलिया म्हणाली.

आदेलाबाई फाटकात उभ्या होत्या, रबरी बूट घालून, खडू कानावर ठेवून. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या, या! यंदा कोट घालून? एवढ्या उन्हात?"

"म्हातारपण, बाई," लुद्विका कण्हली. इतकं सुरेख कण्हणं मी नाटकातही ऐकलं नव्हतं. "आजीच ना आम्ही. हाडांना ऊब लागते."

आम्ही फळीवर चढलो. फळी कुरकुरली, आणि तिच्या पाठोपाठ, सगळे एकदम थांबल्यामुळे, आमच्या पोटांतून एक लांबलचक गुडगुड निघाली. आदेलाबाईंनी मान वाकडी केली.

"हे काय?"

"सकाळचा नाश्ता," मी म्हटलं. "आंबट काकडी आणि ताक."

"वीस जणांनी?"

"क्लबाचा नाश्ता होता."

सुई थांबली तिथे आदेलाबाईंनी काचेवर जाड पांढरी रेघ मारली, फाटक उघडलं आणि म्हणाल्या, "डावीकडच्या रांगेत जा. रेनेटा सफरचंदं लागलीत, भारी आहेत यंदा."

बागेत शिरल्यावर पहिली काही मिनिटं आमचं आम्हालाच हसू आवरेना. प्रत्येक झाडामागे एकेक म्हातारा किंवा म्हातारी कोट उघडून उभी, आणि पाण्याच्या धारा. लांबून कुणी पाहिलं असतं तर भलतंच वाटलं असतं. ओतून झाल्यावर अंग एकदम हलकं झालं. मग आम्ही तोडायला लागलो. करड्या-पिवळ्या खरखरीत सालीची ती रेनेटा, उन्हात कोमट झालेली, हातात घेतल्यावर वास थेट टाळूत जायचा. आणि खायचं नाही! मी एक नाकाशी धरलं होतं. लुद्विका शेजारच्या झाडावरून ओरडली, "तेक्ले, वास घे, पण दात लावू नकोस!" ती झाडाझाडांतून फिरत होती आणि हनुवट्या तपासत होती, कुणाच्या रस लागलाय का म्हणून. जुनी सवय.

सगळ्यांचे कोट भरून झाले, एक टोपली उघडपणे भरून घेतली, आणि शिस्तीत परत फाटकाशी आलो. टोपली बाजूच्या छोट्या तराजूवर गेली, लुद्विकाने तिचे पैसे चेहरा पाडून दिले. मग आम्ही फळीवर चढलो. मी तबकडीकडे पाहत होते. सुई हलली, वर चढली, आणि रेघेच्या बरीच अलीकडे येऊन थांबली.

अलीकडे! थोडीथोडकी नाही, चांगली हातभर.

लुद्विकाने माझा दंड चिमटीत धरला. "तेक्ले," ती ओठ न हलवता म्हणाली, "अजून कितीतरी बसली असती गं! उगीच कमी भरली."

आदेलाबाई तबकडीजवळ गेल्या, काचेवर टिचकी मारली. सुई जागची हलली नाही.

"तुम्ही बारीक झालात," त्या म्हणाल्या.

"मोकळी हवा," लुद्विका म्हणाली. "आणि तुमचा संडासही स्वच्छ आहे हो."

"आजी, संडासात माणूस एवढं सोडत नाही." आदेलाबाई आमच्याकडे वळल्या आणि एकेक चेहरा पाहत गेल्या. "हे तर एक आख्खं माणूस कमी आहे. तेही चांगलं भरलेलं."

कोर्नेलियाने आपल्या उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. मग मागे. तोपर्यंत आपल्यापाशी नवरा नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"झेनोन?" ती म्हणाली. आणि मग, सगळ्या वार्कात ऐकू जावं असं, "झेनोऽऽन!"

बागेतून फक्त कावळे उडाले.

"खड्ड्यात पडला असेल," कुणीतरी म्हणालं. "चक्कर आली असेल. त्यांची साखर!" कोर्नेलियाचा चेहरा पांढराफटक पडला. इतका वेळ तिच्यावर हसणारी मीसुद्धा घाबरले. तशी ती झेनोनरावांना ओरडते, पण त्यांच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये असतात आणि ती पर्स झोपतानाही उशाशी असते. आदेलाबाईंनी फाटक उघडं टाकलं आणि सगळ्यांत आधी त्याच आत धावल्या. मागोमाग आम्ही. जड कोट, आत खुळखुळणारी सफरचंदं, आणि धावणारे म्हातारे. दोनतीन फळं माझ्या अस्तरातून निसटून गवतात पडली, ती पाहायला वेळ नव्हता. "झेनोनराव! अध्यक्ष!" रांगांमधून हाका फिरत होत्या.

रांगेच्या टोकाला पायवाटेवर ओली पावलं दिसली. मोठाल्या बुटांची. ती थेट बेकरीच्या मागच्या दाराशी जात होती. बेकरीचं पुढचं दार रस्त्यावर आहे, मागचं बागेत उघडतं.

आदेलाबाईंनी दार ढकललं.

आत भट्टीची धग होती, दालचिनीचा वास होता, आणि भट्टीसमोरच्या बाकावर आमचे अध्यक्ष बसले होते. अंगात शर्ट, शर्टावर मोठाल्या लाल फुलांचा एप्रन, आणि एप्रनच्या खाली, कसं सांगू, फक्त मोजे. त्यांच्या समोर आदेलाबाईंची वहिनी योलांता पीठ मळत होती. झेनोनरावांच्या हातात बशी होती, आणि मिशीवर पिठीसाखर.

"झेनोन," कोर्नेलिया म्हणाली. या वेळी अगदी हळू.

"कोर्नेलिया, सगळं समजावून सांगतो," झेनोनराव उभे राहायला गेले, मग एप्रनची लांबी आठवून परत बसले.

"सांगा," कोर्नेलिया म्हणाली. "पँटपासून सुरुवात करा."

"मी सांगते," योलांता पीठ मळता मळता म्हणाली. "हा माणूस दारात आला, रडवेला. पँट वरपासून खालपर्यंत ओली. म्हणाला, बाई, माझ्यावर विश्वास ठेवा, हे तुम्हाला वाटतंय ते नाही. मी म्हटलं, आजोबा, या वयात होतं असं, माझ्या सासऱ्यांचंही व्हायचं, काढा आणि वाळत घाला. तर म्हणतो, नाही नाही, पिशवी फुटली! मी म्हटलं, हो हो, आमच्या सासऱ्यांचीही पिशवीच कमजोर होती."

भट्टीच्या वरच्या दांडीवर पँट वाळत होती. आणि पँटच्या शेजारी, दोन पट्टे जोडलेली, तळाशी फाटलेली, लाल रबरी पिशवी.

आदेलाबाईंनी ती खाली घेतली. उलटी केली. दोन थेंब जमिनीवर पडले. त्यांनी पट्टे पाहिले, माझी टीप पाहिली, मग आमच्या कोटांकडे पाहिलं. आम्ही सगळे दाराशी गर्दी करून उभे, धापा टाकत, आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या अस्तरातून आणखी एक रेनेटा निसटलं, फरशीवर टणकन पडलं आणि घरंगळत जाऊन त्यांच्या रबरी बुटापाशी थांबलं.

"म्हणजे जाताना पाणी," आदेलाबाई सावकाश म्हणाल्या.

त्यांनी वाकून ते रेनेटा उचललं.

"आणि येताना सफरचंदं. चला, सगळे काट्यावर. हेही. आजोबा, एप्रन राहू द्या, तुम्हाला शोभतोय."

आम्ही वरात निघावी तसे पुन्हा फाटकाशी गेलो, सगळ्यांत पुढे मोजे आणि बूट घातलेले झेनोनराव, एक हात मागे एप्रनवर दाबून. फळीवर चढलो. सुई वर गेली, डगमगली, आणि काचेवरच्या पांढऱ्या रेघेवर अशी येऊन बसली की रेघ दिसेनाशी झाली. झेनोनरावांनी सांडलेलं आणि वाळत घातलेलं सगळं बहुधा शार्लोत्काने भरून काढलं होतं.

आदेलाबाई बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण इतकी बरोबर बसलेली सुई पाहून लुद्विकाला राहवेना. ती फळीवरून खाली उतरली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "माझं."

"वाटलंच," आदेलाबाई म्हणाल्या. "तुमचं डोकं गेल्या वर्षीपासून माझ्या लक्षात आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मीच असेन. लुद्विका लालबुंद झाली. वर्षभर रचलेला डाव, आणि तो एका फुटक्या पिशवीने, एका हावऱ्या अध्यक्षाने मातीत घातला होता. वर पुन्हा टोपीची आठवण.

"आता शिक्षा," आदेलाबाईंनी जाहीर केलं. "सफरचंदं तुम्ही तोडलीत, आता सोला. योलांताला रविवारच्या शार्लोत्कांसाठी हीच लागतात. पोलीस नको, पैसे नको. कोट रिकामे करा आणि सुऱ्या घ्या."

शिक्षा ऐकून आमच्या मंडळींना इतका आनंद झाला की आदेलाबाई चपापल्याच. धग, दालचिनी, बसायला बाक आणि पायांना आराम! क्षणात सगळे भट्टीभोवती जमले. कोट उतरले, ढीग रचला गेला. योलांताने कालची शार्लोत्का आणि काचेच्या पेल्यांतून चहा दिला. कोर्नेलियाने झेनोनरावांच्या हातातली बशी काढून घेतली, गोळी दिली, मग त्या बशीतला उरलेला तुकडा स्वतःच खाल्ला आणि विचारलं, "योलांताबाई, पिठात लोणी गारच घालता ना?" झेनोनराव आशेने तिच्याकडे पाहत होते. "तुम्ही सोला," ती म्हणाली.

फक्त लुद्विका आली नाही. तिने आपली सफरचंदं दारातल्या ढिगावर नेऊन ठेवली, एकेक करून, जणू प्रत्येकाचा निरोप घेत होती, आणि रस्त्यावरच्या बसमध्ये जाऊन बसली. खिडकीतून मला तिची टोपी दिसत होती. ताठ. मी एकदा जाऊन आले. "चल ना गं, चहा आहे."

"मी चोरांनी सोललेल्या सफरचंदांची शार्लोत्का खात नाही," ती म्हणाली.

"चोर आपणच आहोत, लुद्विके."

"म्हणूनच."

परत आले तर आदेलाबाई आपल्या एप्रनला हात पुसत होत्या. "ती रागावली का?"

"रागावली नाही," मी म्हटलं. "दुखावलीय. तुम्ही तिला आजी म्हणता ना, ते. आणि बाई, तिने पन्नास वर्षं बदमाश पकडलेत. स्वतः पकडली जाते तेव्हा तिला कळत नाही काय करायचं."

आदेलाबाईंनी थोडा विचार केला. मग एक मोठा तुकडा बशीत ठेवला, दोन पेले चहा घेतला आणि बसकडे निघाल्या. भांडण झालंच तर सोडवायला कुणीतरी हवं, म्हणून मी मागोमाग गेले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"लुद्विकाबाई," आदेलाबाई म्हणाल्या. आजी नाही, लुद्विकाबाई. "बसू का?"

"बस क्लबाची आहे. माझी नाही."

आदेलाबाई बसल्या. एक पेला त्यांनी तिच्या हातात दिला. मग आदेलाबाई म्हणाल्या, "मी या काट्यावर माणसं तोलायला लागले तेव्हापासून लोकांनी काय काय केलंय. गेल्या रविवारी एक जोडपं आलं. आत जाताना बायको काडीसारखी, बाहेर येताना सातवा महिना. मी म्हटलं, अभिनंदन! मुलगी झाली तर नाव रेनाता ठेवा."

लुद्विकाचा ओठ किंचित हलला. "सातव्या महिन्याचं पोट कुठे होतं? वर की खाली?"

"खाली. फारच खाली."

"नवशिके," लुद्विका म्हणाली. "आमच्या ट्रॅममध्ये एक गृहस्थ होते. मी चढले की बेशुद्ध पडायचे. दोनदा मी पाणी मारून उठवलं. तिसऱ्या वेळी मी पाद्रीबाबांनाच घेऊन चढले. ते मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं तेल घेऊन वाकले तसा मेलेला माणूस उठून पुढच्या स्टॉपला पळाला."

आदेलाबाईंच्या नाकातून चहा आला. तिथून पुढे मला बोलायला जागाच उरली नाही. खोट्या बाळांच्या गाड्या, पोकळ कुबड्या, दुसऱ्याच्या पासावरच्या फोटोसारखं दिसायला चिकटवलेल्या मिशा, आंधळे जे घड्याळ बघायचे. एकीने सांगायचं आणि दुसरीने "थांबा थांबा, मला ओळखू द्या" म्हणायचं. मधूनच लुद्विकाने शार्लोत्काचा तुकडा तोडला आणि न पाहता तोंडात टाकला. दोघींची डोकी एकमेकींजवळ आली होती. असं हसताना मी लुद्विकाला किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तशी आमची मंडळी सोलणं संपवून एकेक करत बसमध्ये चढू लागली. झेनोनराव आपल्या वाळलेल्या, इस्त्री केल्यासारख्या ताठ पँटमध्ये. कोर्नेलियाच्या मांडीवर शार्लोत्काचा एक खोका होता, त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. सगळे चढले, काझिक आपल्या जागी बसला. आदेलाबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या आणि एका पोस्टमनची गोष्ट सांगत होत्या, ज्याने बागेतल्या सगळ्या नाशपाती टपालाच्या थैलीतून नेल्या होत्या. त्यांचा हात हवेत, डोळे मिटलेले, त्या पोस्टमनच्या चालीची नक्कल करत होत्या.

लुद्विकाने माझ्या खांद्यावरून आरशात काझिककडे पाहिलं आणि डावा डोळा मिचकावला.

काझिक हा हुशार माणूस. त्याने दार इतकं हळू बंद केलं की हवेचा सुसकारासुद्धा ऐकू आला नाही. बस निघाली. झेनोनरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कोर्नेलियाने खोक्यातला एक तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. त्या दिवशीची ती एकमेव माफी. सगळी बस श्वास रोखून बसली होती. बागेचं कुंपण मागे गेलं, चर्चचा मनोरा गेला, लाल फळांनी लगडलेली रस्त्याकडेची झाडं गेली.

"...आणि थैलीवर शिक्का मारून, तातडीचं टपाल म्हणून!" आदेलाबाई डोळे उघडून म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहिलं. मग दुसऱ्या खिडकीबाहेर. "अहो! माझी बाग कुठे गेली?"

"मोकळी हवा," लुद्विका म्हणाली. "बारीक झाली."

बस हसण्याने हलली, खड्डा नसताना. आदेलाबाई उठून उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. "चोरांनो! बदमाशांनो! अहो, माझ्या पायात बूट आहेत रबरी! मी एप्रनवर आहे! थांबवा!" पण त्यांच्याच घशातून हसू फुटत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काझिकने मोठ्या रस्त्याच्या वळणावर पेट्रोल पंपाशी बस थांबवली. आदेलाबाईंनी त्याचा फोन घेऊन वहिनीला फोन लावला. योलांताचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "पळवलं? असू दे. जरा वेळाने येते गाडी घेऊन. भट्टीत पाव आहे. तोवर ठेवून घ्या तिला, आम्हालाही शांतता."

मग काय करणार, आम्ही सगळेच खाली उतरलो. आदेलाबाई पंपावरच्या दुकानात शिरल्या आणि एक लांबलचक हॉटडॉग घेऊन बाहेर आल्या, वर पिवळीधमक मोहरी. पंपाच्या दिव्याखाली उभ्या राहून त्यांनी मोठा घास घेतला आणि डोळे मिटले.

"ऑगस्टपासून," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या, "मी सफरचंद नसलेलं काही खाल्लंच नव्हतं हो. नाश्त्याला सफरचंद, सूपात सफरचंद, बदकाच्या पोटात सफरचंद. फाटकाबाहेर पाय टाकला नाहीये मी. सुई सोडून जायची म्हणजे..."

लुद्विका दुकानात गेली आणि आणखी दोन हॉटडॉग घेऊन आली, एक त्यांच्यासाठी, एक स्वतःसाठी. दोघी कठड्यावर पाय सोडून बसल्या.

"आंधळा घड्याळ बघायचा, ते अर्धवट राहिलं," आदेलाबाई म्हणाल्या. "त्याला कसं पकडलंत?"

"सोपं होतं," लुद्विका म्हणाली, आणि हनुवटीवरची मोहरी पुसून सांगायला लागली.